यिर्मयाचं पत्र वाचताना

३१ डिसेंबरच्या रात्री अनेक ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये उपासना संपत आली की एक टोपली फिरते. तिच्यात वचनं छापलेली छोटी कार्डं असतात. प्रत्येकानं एक उचलायचं, आणि जे निघेल ते आपलं वर्षाचं वचन. या टोपलीत यिर्मयाच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायाचं ११वं वचन नाही, असं सहसा होत नाही. देवाच्या मनात आपल्यासाठी वाईट नाही, भलं आहे, आणि पुढे आशा आहे, असा त्याचा आशय. दहावीच्या निकालाआधी, नोकरी गेल्यावर, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हेच वचन व्हॉट्सॲपवरही येतं.

बायबल कसं वाचायचं याबद्दल लोक साधारण तेच ते प्रश्न विचारतात. सगळं शब्दशः घ्यायचं का? एका जागी एक आणि दुसऱ्या जागी दुसरं, असं का? कुठलं भाषांतर खरं? शेवटी अर्थ ठरवायचा कुणी? यांची सुटी सुटी उत्तरं दिली की ती नियमांच्या पाटीसारखी वाटतात. त्यापेक्षा एकच अध्याय घेऊन तो नीट वाचावा, प्रश्न वाटेत आपोआप भेटतात. यिर्मयाचा २९वा अध्याय त्यासाठी फार सोयीचा आहे, कारण तो मुळात पत्र आहे. कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, कुठून कुठे गेलं आणि कुणाच्या हाती गेलं, हे सगळं पहिल्या तीन वचनांतच दिलेलं आहे.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानं यहूदा राज्याची राजधानी यरुशलेम घेतली. शहर त्यानं तेव्हा पाडलं नाही. तिथला तरुण राजा यखन्या, राजमाता, दरबारी, आणि मुख्य म्हणजे सुतार-लोहारांसारखे कसबी कारागीर उचलून त्यानं बाबेलला नेले. पराभूत राज्य पुन्हा उभं राहू नये म्हणून त्याची कामाची माणसं काढून न्यायची, ही त्या काळातल्या साम्राज्यांची मुरलेली पद्धत होती. मागे राहिलेल्यांवर सिद्कीया नावाचा राजा बसवण्यात आला. संदेष्टा यिर्मयाही मागे राहिलेल्यांत होता. सिद्कीयाचे दोन वकील बाबेलच्या दरबारी निघाले होते, त्यांच्याबरोबर त्यानं हे पत्र धाडलं.

नेलेल्या लोकांना जाणून घ्यायचं होतं ते एकच: परत कधी? आणि त्याचं उत्तर द्यायला पुष्कळ जण तयार होते. याच्या आधीच्या, २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील, मंदिराची लुटलेली भांडीसुद्धा. यिर्मया तेव्हा मानेवर लाकडी जू घेऊन फिरत असे. बाबेलपुढे मान तुकवा, हे लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. हनन्यानं ते जू ओढून मोडलं. पण त्याआधी, ती भविष्यवाणी ऐकल्यावर यिर्मयाची पहिली प्रतिक्रिया काय होती, हे फारसं कुणी लक्षात ठेवत नाही: तो आमेन म्हणाला. म्हणजे तसं झालं तर त्यालाही हवंच होतं. फक्त तसं होणार नव्हतं, एवढंच त्याला कळत होतं.

हे डोक्यात ठेवून पत्र उघडलं की ते निराळंच दिसू लागतं. घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलांची लग्नं करा. ज्या शहरानं तुम्हांला कैद करून आणलं त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं बरं झालं तर तुमचंही होईल. लवकर सुटका सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. मग १०वं वचन येतं: बाबेलची सत्तर वर्षं पुरी झाल्यावर मी तुम्हांला परत आणीन. आणि त्याच्या लगेच पुढे, त्याचंच कारण म्हणून, कार्डावरचं ११वं वचन.

ज्या माणसानं ते पत्र चाळिशीत ऐकलं असेल त्याच्यासाठी त्याचा सरळ अर्थ होता, तू इथेच मरशील. भलं होणार ते नातवंडांचं. आशा खरी होती, पण ती ऐकणाऱ्याच्या आयुष्यात मावणारी नव्हती. म्हणून अकरावं वचन दहाव्यापासून तोडून वाचलं की ते जवळजवळ हनन्याच्या तोंडी शोभेल असं होऊन बसतं, आणि हे पत्र तर हनन्यासारख्यांना खोडून काढण्यासाठीच लिहिलेलं. मला यात कार्डाच्या टोपलीचा दोष वाटत नाही. कार्डावर एवढंच मावतं. कार्ड मिळाल्यावर पुस्तक न उघडणं, तिथे चूक होते.

या वचनांचे आकडेही ही तोडातोड सोपी करतात. मूळ लेखकांनी अध्याय पाडले नव्हते, वचनांना क्रमांक दिले नव्हते. आज वापरात असलेली अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्माचार्याच्या नावावर आहे. नव्या कराराच्या वचनांना आजचे क्रमांक रॉबेर एस्तिएन या फ्रेंच छापखानदारानं १५५१ साली दिले. शोधायला ते फार उपयोगी. पण क्रमांक आहे म्हणजे तिथे एक पूर्ण विचार संपला, असं अजिबात नसतं. कुठलंही वचन निदान त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या परिच्छेदासकट वाचायचं, ही अर्थ लावण्यातली पहिली आणि सर्वांत स्वस्त सवय. तिला ना हिब्रू लागतं, ना ग्रीक.

मग पुढचा प्रश्न हमखास येतो, जरा दुखावल्या सुरात: म्हणजे हे वचन माझ्यासाठी नाहीच का?

आहे, पण ते त्या कैद्यांच्या दारावरून आपल्याकडे येतं. आधी त्यांना त्याचा काय अर्थ लागला ते पाहायचं, मग त्यांच्या आणि आपल्या स्थितीत काय सारखं आहे नि काय नाही ते पाहायचं, आणि मगच ते आपलं म्हणायचं. ख्रिस्ती वाचकाला ही वाट नव्या करारानंच घालून दिलेली आहे. पेत्राचं पहिलं पत्र आशिया मायनरमधल्या ख्रिस्ती लोकांना परदेशी आणि उपरे म्हणून हाक मारतं आणि शेवटी ‘बाबेल’मधून सलाम पाठवतं. बहुतेक अभ्यासक तिथे बाबेल म्हणजे रोम असं समजतात. पहिल्या शतकातल्या मंडळीनं त्या जुन्या हद्दपारीत स्वतःला ओळखलं होतं. त्या वाटेनं गेल्यास यिर्मयाच्या पत्रातून आजच्या वाचकालाही पुष्कळ मिळतं: नकोशा जागीही घर मांडावं, शेजाऱ्याचं बरं चिंतावं, गोड भविष्यवाण्यांपासून जपावं, आणि देवानं आपल्याला टाकलेलं नाही हे धरून राहावं. मिळत नाही ते वेळापत्रक. आणखी एक, पत्र एका माणसाला आलेलं नाही, ते अख्ख्या समाजाला आलेलं आहे. त्यातलं आश्वासन एकट्याच्या प्रमोशनला लावणं मला तरी ओढूनताणून वाटतं.

आता सत्तर. ही सत्तर वर्षं मोजून सत्तर होती का? ‘शब्दशः घ्यायचं का’ हा प्रश्न इथे अगदी ठोस होतो, कारण तारखा आपल्याकडे आहेत. बाबेल पडलं इ.स.पू. ५३९ मध्ये, पारशी राजा कोरेश याच्या हातून. ५९७ पासून मोजलं तर ५८ वर्षं भरतात. कर्कमीशच्या लढाईत मिसरला हरवून बाबेल या टापूचं मालक झालं ते ६०५ साल धरलं तर ६६. मंदिर जळालं त्या ५८६ पासून ते पुन्हा उभं राहिलं त्या ५१६-१५ पर्यंत मोजलं तर सत्तर जवळपास बरोबर बसतात, पण पत्र मंदिराविषयी बोलत नाही, बाबेलविषयी बोलतं.

त्या काळच्या लिखाणात सत्तर हा आकडा कसा वापरला जाई, हे पाहिलं की थोडा उलगडा होतो. यशयाच्या पुस्तकात सोर शहर सत्तर वर्षं विसरलं जाईल असं आहे. नव्वदाव्या स्तोत्रात माणसाचं आयुष्य सत्तर वर्षांचं म्हटलंय. आणि बायबलबाहेरचा एक दाखला तर फार गमतीचा आहे. अश्शूरी राजा एसरहद्दोन याच्या शिलालेखांत असं येतं की मर्दुक देवानं रागावून बाबेल सत्तर वर्षं ओसाड राहील असं लिहिलं, पण मग त्याला दया आली आणि त्यानं आकडा उलटा केला. कीलाक्षर लिपीत सत्तरच्या खुणांची जागा अदलाबदल केली की अकरा होतात. म्हणून शहर अकराव्या वर्षी पुन्हा वसवायचं. म्हणजे देवाच्या कोपाची मुदत सत्तर वर्षं, ही त्या मुलखातली सर्वांना कळणारी बोली होती. ऐकणाऱ्याला ‘एक पुरं आयुष्य’ एवढं त्यातून कळत असावं.

पण हे फक्त आजच्या अभ्यासकांचं डोकं आहे असं समजू नये. खुद्द बायबलमध्येच या सत्तरचा अर्थ एकापेक्षा जास्त रीतींनी लावलेला आहे. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाचा शेवट म्हणतो, की जमिनीला तिच्या राहून गेलेल्या शब्बाथांची विश्रांती मिळावी म्हणून ती वर्षं होती. जखऱ्या मंदिराच्या पुनर्बांधणीच्या दिवसांत सत्तर वर्षांची आठवण काढतो. आणि दानीएलाच्या नवव्या अध्यायात दानीएल यिर्मयाचा हाच आकडा वाचत बसलेला असताना त्याला सांगण्यात येतं की ही सत्तर ‘सप्तकं’ आहेत. सत्तर गुणिले सात, चारशे नव्वद. तेव्हा शास्त्राचा अर्थ लावणं म्हणजे शास्त्राशी आगळीक, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा अध्याय अवश्य वाचावा. अर्थ लावण्याचं काम शास्त्राच्या आतच सुरू झालेलं आहे.

शब्दशः की लाक्षणिक, हा प्रश्न अख्ख्या बायबलला एकदाच विचारून भागत नाही, हे यावरून दिसावं. त्या ग्रंथात वंशावळ्या आहेत, कायदे आहेत, लढायांची वर्णनं, प्रेमगीतं, म्हणी, दाखले, पत्रं आणि प्रकटीकरणासारखी प्रतीकांनी भरलेली दर्शनं आहेत. आधी लिखाणाचा प्रकार ओळखायचा. नीतिसूत्रांच्या २६व्या अध्यायातली चौथी आणि पाचवी ही लागोपाठची वचनं घ्या. एक सांगतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाच्या तोलानं उत्तर देऊ नकोस, दुसरं सांगतं दे. कायद्याच्या पुस्तकात असं असतं तर घोटाळा म्हटलं असतं. पण या म्हणी आहेत. आपणही एकाला ‘शुभस्य शीघ्रम्’ सांगतो आणि दुसऱ्याला ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ म्हणून अडवतो. कुठली कधी, हे ओळखण्यातच शहाणपण असतं, आणि ती दोन वचनं शेजारी ठेवणाऱ्याला ते पक्कं माहीत असणार.

विसंगतीचा खरा अवघड नमुना याच हद्दपारीतून आलेला आहे. यिर्मया सांगतो, बाबेलसाठी प्रार्थना करा. १३७वं स्तोत्रही बाबेलच्याच नद्यांकाठचं आहे, आणि त्याचा शेवट बाबेलची तान्ही मुलं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणतो. उपासनेत हे स्तोत्र वाचताना शेवटची वचनं बहुधा गाळली जातात. ती का गाळावीशी वाटतात ते समजण्यासारखं आहे, तरी गाळू नयेत असं माझं मत. ते स्तोत्र म्हणजे आज्ञा नाही. घर जळताना पाहिलेल्या, मुलं गमावलेल्या माणसांचा देवासमोर फोडलेला टाहो आहे. माणूस काय बोलला याची ती नोंद आहे, माणसानं काय करावं याची नाही. दोन्ही एका ग्रंथात ठेवणाऱ्यांना विरोध दिसला नसेल असं नाही. दोन्ही खरंच घडलं होतं, एवढंच.

साधे आकड्यांचे फरकही आहेत. ५९७ मध्ये किती माणसं नेली? राजांच्या दुसऱ्या पुस्तकात दहा हजार, यिर्मयाच्या ५२व्या अध्यायात ३,०२३. एका जागी फक्त घरातले कर्ते पुरुष मोजले असतील, किंवा दोन वेगळ्या नोंदींवरून दोन आकडे आले असतील. असे फरक घाईनं मिटवू नयेत आणि त्यांवरून सगळं खोटं असंही म्हणू नये. संपादकांना आकडे जुळवून टाकणं अवघड नव्हतं. त्यांनी दोन्ही राहू दिले.

घटना घडली का, याला मात्र बाहेरचा पुरावा चांगला आहे. बाबेलच्या राजदरबारी बखरीत यरुशलेम घेतल्याची नोंद आहे, आणि तिच्यावरून तारीख १६ मार्च ५९७ अशी काढता येते. बाबेलच्या उत्खननात शिधावाटपाच्या मातीच्या पाट्या मिळाल्या. १९३९ साली त्यांचं वाचन प्रसिद्ध झालं तेव्हा यहूदाचा राजा यखन्या आणि त्याचे पाच मुलगे यांना दिलेल्या तेलाचा हिशोब त्यांत निघाला. आणखी एक पाट्यांचा संच २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ‘अल-याहूदू’, म्हणजे यहूदाची वस्ती, या नावाचं बाबेलच्या मुलखातलं एक गाव येतं. तिथले यहुदी शेतं कसतात, सारा भरतात, उसनवारी करतात, वाटणीपत्रं करतात. या पाट्या पुरातन वस्तूंच्या बाजारातून आल्या, शास्त्रशुद्ध उत्खननातून नाही, हे खटकणारं आहे. पण घरं बांधा, बागा लावा हा सल्ला लोकांनी किती मनावर घेतला, ते त्यांत दिसतं. यावरून यिर्मयाला देवानं सांगितलं होतं हे सिद्ध होत नाही, आणि खोटंही पडत नाही. तो प्रश्न मातीच्या पाट्यांच्या हद्दीतला नाहीच.

‘कुठलं भाषांतर खरं’ असं विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, कुठलं यिर्मया? कारण ते पुस्तक दोन रूपांत आलेलं आहे. हिब्रूमध्ये जपलं गेलेलं रूप लांब. ख्रिस्ताच्या आधीच ग्रीकमध्ये झालेलं भाषांतर सुमारे एक अष्टमांशानं आखूड, आणि प्रकरणांचा क्रमही वेगळा. आपला २९वा अध्याय तिथे ३६वा आहे, आणि त्यातली १६ ते २० ही वचनं तिथे नाहीत. पूर्वी वाटे की ग्रीक भाषांतरकारानं काटछाट केली असावी. १९४७ पासून मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांमध्ये गुंडाळ्या सापडत गेल्या. त्यांत आखूड रूपाशी जुळणारे हिब्रू तुकडेही निघाले, म्हणजे आखूड रूपसुद्धा मुळात हिब्रूच. १५वं वचन वाचून थेट २१व्यावर गेलात तर वाक्य जास्त सरळ जुळतं, हे कुठल्याही मराठी बायबलमध्ये करून पाहता येईल. कार्डावरचं ११वं वचन दोन्ही रूपांत आहे.

मराठी वाचकापुढे भाषांतरांची वाण नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली बाहेर पडलं. बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ घराघरांत आहे, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आहे. कॅथलिक आवृत्तीत ७३ पुस्तकं आणि प्रॉटेस्टंट आवृत्तीत ६६, हा फरक जुन्या करारातल्या काही पुस्तकांपुरता. नव्या कराराची २७ दोघांचीही तीच. एकच अध्याय दोन भाषांतरांत शेजारी ठेवून वाचावा. जिथे ती वेगळी पडतील तिथे मूळ मजकूर अवघड आहे असं समजावं आणि तळटीप पाहावी.

जुन्या करारातले नियम आज पाळायचे का, या प्रश्नाला थोडक्यात एवढंच: तो पहिल्याच पिढीत उठला होता. प्रेषितांच्या कृत्यांचा १५वा अध्याय म्हणजे त्यावरच्या वादाचा वृत्तान्त आहे. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर सुंतेची सक्ती नको, असं तिथे चर्चेनं ठरलं. त्यातून पुढे अवघड वाद उरलेच, पण ‘सगळं जसंच्या तसं’ आणि ‘सगळं रद्द’ ही दोन्ही उत्तरं तेव्हाच नाकारली गेली.

राहिला प्रश्न, ठरवायचं कुणी. कॅथलिक उत्तर असं की शास्त्र आणि परंपरा एकत्र वाचायची, आणि अंतिम अर्थ सांगण्याचा अधिकार चर्चच्या शिक्षणपीठाचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५च्या ‘देई व्हेर्बुम’ या दस्तऐवजात हे आहेच, आणि लेखकाला काय म्हणायचं होतं ते त्याच्या काळचे लेखनप्रकार पाहून शोधा, असंही त्यातच सांगितलं आहे. प्रॉटेस्टंट उत्तर, शास्त्र हेच सर्वोच्च प्रमाण. त्यातली अडचण फार लवकर उघडी पडली. १५२९ साली मारबुर्गच्या किल्ल्यात ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रॉटेस्टंट सुधारक समोरासमोर बसले. दोघांचं प्रमाण एकच. चौदा मुद्द्यांवर एकमत झालं. पंधराव्यात प्रभुभोजनाची भाकर हे ख्रिस्ताचं शरीर कुठल्या अर्थानं, यावर गाडी अडली ती कायमची. ल्यूथरनं ‘हे माझं शरीर आहे’ हे ख्रिस्ताचं वाक्य खडूनं टेबलावरच लिहून ठेवलं होतं. वाक्य काय आहे यावर वाद नव्हताच. म्हणून मला दोन्ही बाजूंचं थोडं पटतं: एकट्यानं वाचलेलं शास्त्र सहज आपल्या सोयीचं होतं, आणि फक्त अधिकाऱ्यानं सांगितलेलं शास्त्र उघडावंसंच वाटत नाही. दहाजणांत मोठ्यानं वाचणं, आणि त्या दहांत आपल्याशी न पटणारे दोघे असणं, हा मधला मार्ग बऱ्याच मंडळ्यांच्या अभ्यासवर्गांत रोज चालतो.

या पत्राच्या बाबतीत न पटणारा माणूस त्याच अध्यायात आहे. शमाया त्याचं नाव, राहणार बाबेल. त्यानं पत्र ऐकलं आणि यरुशलेमच्या याजकाला उलट पत्र धाडलं: या यिर्मयाला अजून खोड्यात का घातलं नाही? तो आम्हांला सांगतो की हे फार दिवस चालेल, घरं बांधा, बागा लावा. याजकानं ते पत्र यिर्मयालाच वाचून दाखवलं. शमायाच्या तक्रारीत यिर्मयाचं म्हणणं अगदी बिनचूक आलेलं आहे. त्याला पत्राचा अर्थ बरोबर लागला होता. तो त्याला मान्य नव्हता.